साखरेच्या डोक्याची आत्या

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. त्या वर्षी दुकानाच्या फळीवर बुटाचं पॉलिश, मेणबत्त्या आणि नीळ एवढंच उरलं होतं. आताच्या मुलींना हे सांगितलं की त्या हसतात. पण फळी रिकामी झाली की दुकान कसं दिसतं, हे ज्याने पाहिलंय त्याला हसू येत नाही. दुकानदार गल्ल्यावर बसलेला असायचा, तराजू पुसलेला असायचा, आणि गिऱ्हाईक आत शिरून कशाला आलो होतो ते विसरल्यासारखं परत जायचं. खाणावळीच्या मागची कुत्री कुठे गेली कुणाला कळलं नाही. पिठाच्या गिरणीवरच्या चिमण्याही गेल्या. दुपारी सगळी गल्ली अशी गप्प व्हायची की तळमजल्यावरचं शिवणाचं मशीन थांबलं तरी तिसऱ्या मजल्यावर दचकायला व्हायचं.

त्या तिसऱ्या मजल्यावर वहिनी राहत. त्यांचे यजमान पुरवठा कचेरीत वरिष्ठ कारकून. लोक त्यांना नियमराव म्हणत, आणि त्यांना ते कौतुक वाटे. एका घरात महिनाभर पुरेल त्याहून जास्त धान्य ठेवणं गुन्हा आहे, हा नियम त्या वर्षी निघाला. तो टाइप केला नियमरावांनी, आणि इमारतीच्या जिन्यात आपल्या हाताने चिकटवलाही त्यांनीच.

"बाबा, खळ कशाची केलीत?" लेकीने विचारलं. लेक कॉलेजात होती आणि तिची जीभ दोन वर्षं पुढच्या वर्गात होती.

"पिठाची. का?"

"म्हणजे घरातलं शेवटचं पीठ जिन्याच्या भिंतीला गेलं. आता भिंतच चाटू."

नियमराव रागावले नाहीत. तत्त्वासाठी माणसाने थोडं सोसायला हवं, असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. पण त्याच संध्याकाळी वहिनी तांदळाचा डबा खरवडत होत्या, आणि पत्र्यावर चमचा घासल्याचा तो आवाज काही थांबेना. तत्त्वाला कान नसतात, नियमरावांना होते. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि गिरणीच्या गावात राहणाऱ्या मावसभावाला कळवलं, की थोडंफार काही मिळालं तर पाठव.

मावसभाऊ मोठ्या मनाचा माणूस. त्याच्या मनाचा मोठेपणा आठवड्याने एका ट्रकमधून उतरला. दोन गाद्या, त्यांच्या दोराने आवळलेल्या दोन वळकट्या, आणि एक पत्र्याची ट्रंक. एका वळकटीच्या पोटात तांदळाचं पोतं, दुसरीच्या पोटात गव्हाचं, ट्रंकेत साखर. वरून पाहणाऱ्याला वाटावं, कुणी पाहुणा बिऱ्हाड घेऊन आला आहे. फक्त दोन हमाल एकेक वळकटी घेऊन जिना चढताना असे कण्हत होते, की आत पाहुणाही असावा.

तळमजल्यावर टेलरमास्तर होते. त्यांचं मशीन जिन्याच्या तोंडाशीच, त्यामुळे इमारतीत शिरणारं मांजरही त्यांना विचारून शिरे.

"कोण आलं हो, नियमराव?"

ज्या माणसाला खोटं बोलायचा सराव नाही, त्याने सुरुवात एखाद्या लहानशा खोट्याने करावी. नियमरावांनी एकदम मोठ्यालाच हात घातला.

"आत्या."

"कुणाची?"

"माझी. आणखी कुणाची असणार?"

"पण मी सकाळपासून इथेच आहे. मला नाही दिसल्या."

"आजारी आहेत. पटकन वर गेल्या."

मागून लेक म्हणाली, "आजारी माणसं नेहमी पटकनच वर जातात, काका." टेलरमास्तर त्यावर विचार करत बसले आणि तेवढ्यात वळकट्या निघून गेल्या.

घर दोन खोल्यांचं, आणि मागे एक लहानशी तिसरी खोली. तिला एकच खिडकी, तीही सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या गॅलरीवर. ती खिडकी बंद केली. न्हाणीघराला लागून असल्याने जमिनीला ओल होती म्हणून पोती खाटेवर ठेवली, डोक्याकडे तांदूळ आणि पायाकडे गहू. साखरेची गोणी ट्रंकेतून काढून हातात धरली आहे आणि कुठे ठेवावी ते सुचत नाही, इतक्यात दार वाजलं. वहिनींनी घाबरून गोणी उशीवर टाकली आणि सगळ्यावर रजई ओढली.

दारात मोठ्या बाई. शेजारच्या घरात एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून नोकरीत होता. वहिनींच्या खांद्यावरून त्यांनी आत पाहिलं आणि तो आवाज एकदम खाली आणला.

"झोपल्या वाटतं."

वहिनींनी मान हलवली. आणि मागे वळून पाहिलं, तर खरंच कुणीतरी झोपलं होतं. भिंतीकडे तोंड करून, गुडघे थोडे पोटाशी घेऊन, थकलेली बाई झोपते तशी.

मोठ्या बाई गेल्यावर लेकीने साखरेच्या गोणीला जुना स्कार्फ बांधला. "एवढं केलंय तर डोकं उघडं कशाला?" म्हणाली. अशा रीतीने आत्या तयार झाल्या. डोकं साखरेचं, धड तांदळाचं, पाय गव्हाचे. चार दिवसांत पोती हळूहळू डब्यांत भरायची आणि आत्यांना गावी पाठवून द्यायचं, असं ठरलं.

पण शेजारधर्म म्हणून एक गोष्ट असते आणि टंचाईत ती माणसाच्या अंगात येते. दुसऱ्या दिवशी टेलरमास्तरांच्या बायकोने भाताची पेज पाठवली. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून उकडलेले बटाटे आले. कुणी दूध पाठवलं, कुणी घरातलं शेवटचं अंडं. स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन लोक आजारी म्हातारीला वाटी पाठवत, आणि आपल्या घरी पोत्यांवर रजई घालून बसलेलं तिघांचं कुटुंब ती वाटी मुकाट्याने खाई. नियमराव प्रत्येक घासाला डोळे मिटत.

"डोळे मिटून खाल्लं की कमी गुन्हा होतो का?" लेक विचारी.

"गप्प बस. आणि ते अंडं इकडे सरकव."

पोती उघडायची ती राहूनच गेली. बाहेरून वाट्या येत होत्या तोवर साठ्याला हात लावायचं कारण नव्हतं, आणि साठा खरोखर उपासमारीसाठी आहे, असं नियमरावांचं म्हणणं.

टेलरमास्तरांना आत्यांसाठी सैल झगा शिवायचा होता. "माप तेवढं घेऊ द्या, शिलाई नको." नाही म्हटलं तर माणूस दुखावतो, हो म्हटलं तर तुरुंग. शेवटी त्यांना दाराच्या उंबऱ्यावर उभं केलं आणि टेप न लावता नुसत्या नजरेने माप घ्यायला सांगितलं. मास्तरांनी एक डोळा मिटला.

"अंगाने भारी आहेत हो."

"आमच्याकडे सगळ्याच बायका अशा," नियमराव म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं त्यांना पुढे कित्येक वर्षं पुरलं.

जाता जाता मास्तर जिन्यातल्या नोटिशीपाशी थांबले. "नियमराव, पाहुणा पंधरवड्याहून जास्त राहिला तर त्याचं नाव रेशनकार्डावर चढवायचं असतं ना? याच कागदावर खाली आहे, तुम्हीच चिकटवलंय."

झालं. नियमराव आपल्याच कचेरीत, आपल्याच खिडकीसमोर, रांगेत उभे राहिले. आतल्या बाजूला त्यांचाच हाताखालचा कारकून. त्याने मनापासून साहेबी केली. नाव, वय, पूर्वीचा पत्ता. आणि अर्जदार आजारी असल्यास अंगठ्याचा ठसा. नियमराव अर्ज घेऊन घरी आले आणि खुर्चीत बसून राहिले. वहिनींचा अंगठा लावला तर तो कचेरीत आधीच आहे. स्वतःचाही आहे. लेकीचाही.

"पायाचा आहे का?" लेकीने विचारलं.

वीस वर्षं निष्कलंक नोकरी केलेल्या माणसाने त्या संध्याकाळी मोजा काढला, पायाच्या अंगठ्याला शाई लावली आणि एका पायावर उभं राहून सरकारी कागदावर ठसा उमटवला. दुसऱ्या दिवशी कारकून तो बराच वेळ पाहत राहिला. "म्हातारीने आयुष्यात पुष्कळ काम केलेलं दिसतं," एवढंच तो म्हणाला.

आता आत्यांचं रेशन सुरू झालं. ते खायला मात्र नियमराव तयार होईनात. "ते तिच्या नावाचं आहे. आपलं नाही." मग आत्यांच्या वाट्याचं धान्य पिशव्यांत भरून त्यांच्याच कुशीला, रजईखाली ठेवलं जाऊ लागलं. आत्यांना बाळसं आलं. टेलरमास्तरांनी दारातून पाहून झगा उसवायला परत नेला.

इथपर्यंत वहिनींना हसू येत होतं. रात्री दिवा मालवला की तोंडात पांघरुणाचा बोळा घालून तिघं हसायची. हसू कुठल्या दिवशी थांबलं, ते वहिनींना पक्कं आठवत होतं.

कुणी आलं की नियमराव न्हाणीघरात जाऊन बारीक आवाजात खोकत. ती त्यांची कामगिरी होती आणि ते ती मन लावून करत. सुरुवातीला घसा खाकरायचा, मग दोन कोरडे खोकले, शेवटी एक लांब सुस्कारा. एका संध्याकाळी ते बूट काढत असताना वहिनी म्हणाल्या, "आज दुपारी मध्येच घरी येऊन उगीच कशाला खोकत बसलात? कुणी आलं नव्हतं."

नियमराव बुटाची नाडी हातात धरून थांबले.

"दुपारी मी कचेरीत होतो."

"मग लेक असेल."

"मला कॉलेजला जादा तास होता, आई."

त्या रात्री कुणी हसलं नाही. शेजारच्यांचा असेल, पाइपातून आवाज येतात, असं नियमरावांनी सांगितलं. सांगताना त्यांनी मागच्या खोलीच्या दाराला कडी घातली. बाहेरून.

चार दिवसांनी मोठ्या बाईंनी ती कडी काढली. त्यांना कुणी अडवायचं? हातात पेजेची वाटी होती, काठाला मोठा पोचा असलेली, त्यांच्या आईच्या वेळची. सरळ खाटेपाशी गेल्या आणि वहिनी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी रजईखाली हात घातला.

संपलं, असं वहिनींना वाटलं. नवऱ्याची नोकरी संपली. नोकरीबरोबर घर, कारण घर कचेरीचं. वर्तमानपत्रात नाव. लेकीचं लग्न. मोठ्या बाईंचा हात रजईखाली होता आणि वहिनी मनातल्या मनात भांडी आवरायला लागल्या होत्या.

मोठ्या बाई वळल्या. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"अगं, हिला ताप आहे! अंग केवढं तापलंय! आणि तू खिडकी लावून ठेवतेस?"

त्या गेल्यावर वहिनी खाटेपाशी गेल्या. मग त्यांनी आपला हात आत सरकवला. पोतं गरम होतं. कोमट नव्हे, गरम. तापातल्या माणसाच्या काखेसारखं, थोडं ओलसर. त्यांनी कान लावला. आत कुसकुस चालली होती. बारीक, अखंड, झोपेत कुणी कुणाला काहीतरी सांगत असावं तशी. उशीवर मुंग्यांची एक काळी रांग भिंतीवरून उतरून स्कार्फमध्ये शिरत होती आणि दुसरी बाहेर येत होती.

यात आश्चर्य काहीच नाही, हे वहिनींच्या आईने क्षणात सांगितलं असतं. धान्य भरलं की त्याला ऊन दाखवायचं असतं. गच्चीवर चादर घालून पसरायचं, चाळायचं, निवडायचं, मग डब्यात. वहिनी जन्मभर तेच करत आल्या होत्या. पण चोरून आणलेलं धान्य गच्चीवर पसरता येत नाही. खिडकीसुद्धा उघडता येत नाही. कोंडलेल्या खोलीत, ओलसर गादीवर, रजईखाली धान्याला कीड लागते, आणि कीड फार झाली की पोतं तापतं. वहिनींना हे सगळं ठाऊक होतं. तरीही त्यांनी त्या दिवशी ते पोतं उघडलं नाही.

का, ते त्यांना सांगता येत नसे. उघडलं असतं तर काय दिसलं असतं, याची भीती होती म्हणा. किड्यांची नव्हे.

मोठ्या बाई आता रोज दुपारी येऊ लागल्या. वहिनींना बाहेर पाठवून दार लोटून घेत. आतून त्यांचा हलका आवाज येई; मग थोडी शांतता; मग पुन्हा आवाज, कुणीतरी विचारलेल्याला उत्तर द्यावं तसा. "काय बोलता हो त्यांच्याशी?" वहिनींनी एकदा विचारलं.

"म्हाताऱ्या बायकांना बोलायला काय लागतं? ऐकणारी लागते."

यात काहीतरी होतं. कारण मोठ्या बाई येत नसत त्या दुपारी वहिनी स्वतःच खोलीत जाऊन बसू लागल्या. आधी नुसत्या मुंग्या झाडायला. मग भाजी निवडायला. मग बोलायला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि त्यांनी एवढं सलग कुणाशी बोललेलं त्यांना आठवत नव्हतं. एकदा त्या रजईच्या काठाशी बोटाने खेळत म्हणाल्या, "आत्याबाई, मी अजून समुद्र पाहिलेला नाही. कुणाला सांगू नका. या वयात हसतील. पण एकदा एकटीने जाऊन पाहावा असं वाटतं. एकटीने. यांचा डबा, हिचं कॉलेज, काही नको."

पोत्यातली कुसकुस तेवढा वेळ थांबली होती. वहिनींना तसं वाटलं.

त्याच सुमारास मोठ्या बाईंची पोचा पडलेली वाटी हरवली. वहिनींनी खाटेखाली पाहिलं, फडताळ रिकामं केलं, ट्रंकेत पाहिलं. परक्याची वाटी, तीही टंचाईत आपल्या आजारी माणसाला पेज घालून दिलेली. वहिनींना पोत्यांपेक्षा त्या वाटीचीच जास्त शरम वाटू लागली. शेवटी त्यांनी नवी आणून दिली. मोठ्या बाईंनी ती हातात फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "असू दे. ती देईल."

आणि मग झडतीचा दिवस आला. इमारतीत कुणाकडे तरी मोठा साठा आहे, असं निनावी पत्र कचेरीत आलं. साहेब स्वतः निघाले. उंच, कमी बोलणारे, कोणत्या भिंतीमागे काय आहे ते वासावरून सांगतात अशी ख्याती. त्यांनी नियमरावांना बरोबर घेतलं आणि इमारतीच्या दाराशी म्हणाले, "सुरुवात तुमच्या घरापासून करू. म्हणजे कुणाला बोलायला जागा नको."

"उत्तम, साहेब," नियमराव म्हणाले. ते उत्तम त्यांच्या तोंडातून कसं निघालं, ते त्यांना कधीच कळलं नाही. मागून चार शिपाई. टेलरमास्तर मशीनवरून उठले आणि कापडाच्या गठ्ठ्यांसमोर जरा पसरून उभे राहिले.

स्वयंपाकघर पाहून झालं. डबे खरोखरच रिकामे होते. साहेब मागच्या दारापाशी आले.

"इथे?"

"आत्या, साहेब. आजारी."

साहेबांनी दार ढकललं. खोलीत अंधार आणि एक कोंदट, गोडसर वास. खाटेशेजारी मोठ्या बाई बसलेल्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चाळीस वर्षं शाळा गप्प केलेलं ते बोट. शिपाई जागच्या जागी थिजले, आणि साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

ते स्टूल घेऊन खाटेपाशी बसले. "किती दिवस आहे?" त्यांनी विचारलं.

"खूप दिवस झाले," मोठ्या बाई म्हणाल्या.

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, आणि तिथून त्यांना दिसलं. रजईच्या कडेखालून काहीतरी बारीक, राखाडी असं झिरपत होतं. धार केसाएवढी. साहेबांच्या बुटाशेजारी त्याचा लहानसा ढीग होत होता. पोतं उंदराने कुरतडलं होतं. साहेबांनी खाली पाहिलं.

"हे काय?"

नियमरावांनी डोळे मिटले, अंडं खाताना मिटत तसे.

"औषधाची पूड," मोठ्या बाई म्हणाल्या. "अंगाला लावायची. सांडते."

साहेबांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी रजईवर हात ठेवला, आणि ऊब लागताच तो काढून घ्यायचं विसरले. मग ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले, "माझी आई गेली तेव्हा मी दौऱ्यावर होतो. दुसऱ्यांच्या कोठ्या मोजत." आणि तेवढ्यात आतलं धान्य सरकलं. रजईखाली कूस वळल्यासारखं झालं. एक सुस्कारा आला, लांब. शिपायांनी ऐकला, लेकीने ऐकला. नियमराव दारात होते आणि त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

साहेब उठले तेव्हा आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते.

"यांनी माझं बोट धरलं होतं," ते हळूच म्हणाले.

टोपी हातातच घेऊन ते जिना उतरले. उतरताना शिपायांना म्हणाले, "या इमारतीत पुन्हा यायचं नाही. आजारी माणसाला त्रास होतो." टेलरमास्तर कापडाच्या गठ्ठ्यांवर धपकन बसले, तेव्हा एका गठ्ठ्यातून डाळ सांडली. अख्ख्या इमारतीत कुणाकडे काय काय होतं, ते पुढे बाहेर आलंच. आत्यांची एवढी सेवा का चालली होती, तेही थोडं कळलं. पोटात पाप असलं की माणसाचा हात सढळ होतो. पण थोडंच. कारण ते शेवटचं अंडं खरोखर शेवटचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघांनी दार आतून लावलं आणि रजई काढली. खोलीत उन्हाची एक तिरीप यावी म्हणून लेकीने खिडकी फटीएवढी उघडली. पोती उघडली. गहू नव्हता. तांदूळ नव्हता. राखाडी भुसा, त्यात काळ्या किड्यांची सळसळ, आणि जाळी. साखरेचं डोकं दगड झालं होतं आणि मुंग्यांनी त्याला आतून पोखरून काढलं होतं. कित्येक महिने भीत भीत जपलेल्या त्या साठ्यातला एक दाणाही शिजवता आला नसता.

नियमराव खाटेच्या काठावर बसले. "म्हणजे आपण हे सगळे दिवस शेजाऱ्यांच्या पेजेवर जगलो," ते म्हणाले.

"आत्यांच्या पेजेवर," लेक म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती.

भुसा पुन्हा वळकट्यांत भरला आणि हमाल बोलावले. वळकट्या आता इतक्या हलक्या झाल्या होत्या की हमाल एका हाताने घेऊन उतरले. खाली सगळी इमारत जमली होती.

"आत्या निघाल्या? कुठे आहेत?"

"पहाटेच गेल्या," वहिनी म्हणाल्या. "गाडी लवकरची होती."

टेलरमास्तरांच्या हातात तो झगा होता, इस्त्री केलेला. "मी पहाटेपासून इथेच आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. "एवढं केलं आपण. निरोपसुद्धा घेतला नाही?"

वहिनींना जमीन दुभंगावी असं झालं.

"मला भेटून गेली," जिन्यावरून मोठ्या बाई म्हणाल्या. "सगळ्यांना सांगायला सांगितलंय, की तुमची आठवण ठेवीन. आणि मास्तर, झगा मला द्या. ती म्हणाली, मला होईल."

झगा त्यांना बरोबर झाला.

पुढच्या वर्षी दुकानं भरली, चिमण्या परत आल्या, आणि लोक त्या दिवसांबद्दल बोलेनासे झाले. टेलरमास्तरांनी पुढे मोठं दुकान काढलं. नजरेने माप घेण्याबद्दल त्यांची ख्याती होती, आणि आयुष्यात एकाच बाईचं माप चुकलं असं ते सांगत. साहेबांनी त्या पावसाळ्यानंतर बदली मागून घेतली आणि म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमाचं काम पाहू लागले. लेक दूरदेशी गेली. तिच्या स्वयंपाकघरात आठवड्याच्या वर धान्य कधी नसतं, आणि मागची खोली नको, हे तर तिने घर घेतानाच सांगितलं.

नियमराव मानाने निवृत्त झाले, पण एक काम त्यांच्याकडून राहिलं. आत्यांचं नाव कार्डावरून कमी करायला मृत्यूचा दाखला लागे, आणि जन्म झाल्याशिवाय दाखला मिळत नाही. त्यांनी सात साहेबांकडे अर्ज केले. शेवटी दर महिन्याला आत्यांचं धान्य उचलून ते त्या आश्रमात पोचवत राहिले, स्वतः, पिशवी खांद्याला लावून. ते गेले तेव्हा कार्डावर आत्यांचं वय शंभराच्या पुढे होतं आणि तब्येत उत्तम.

मोठ्या बाई त्यांच्या आधीच गेल्या. शेवटच्या आजारात वहिनी त्यांच्या उशाशी बसत, दुपारी, दार लोटून. एका दुपारी वहिनींनी धीर केला.

"तुम्हाला ठाऊक होतं ना? ती पोती होती ते?"

मोठ्या बाईंनी मान वळवून पाहिलं. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीकडे पाहावं तसं.

"कसली पोती?"

वहिनींनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"जायच्या दिवशी ती आली होती," मोठ्या बाई म्हणाल्या. "चालत. दम लागला होता तिला. वाटी द्यायला आली होती. आणि म्हणाली, वहिनीला एकदा समुद्र बघायचाय. एकटीने. ती कुणाला सांगायची नाही, तुम्ही तिला पाठवा. मी म्हटलं, पाठवीन. मग राहूनच गेलं. फडताळातली वरची फळी बघ."

वहिनी उठल्या. वरच्या फळीवर, वर्तमानपत्राच्या घडीवर, ती वाटी होती. काठाला तोच पोचा. परक्याचं भांडं रिकामं परत करू नये म्हणून कुणीतरी तळाला मूठभर तांदूळ घातला होता. वहिनींनी तो खिडकीपाशी नेऊन बोटांनी चाळला. इतक्या वर्षांचा तांदूळ. पांढराशुभ्र, कोरडा, एकाही दाण्याला कीड नाही. हाताला थोडा गरम लागला.

पुढच्या महिन्यात वहिनी समुद्रावर गेल्या. एकट्याच गेल्या, असं त्या सांगत. पण तिकिटं त्यांनी दोन काढली होती.